सापाची भीती योग्य जागी असू द्या

पावसाळा लागला की सर्पमित्रांचे फोन थांबत नाहीत. बिळांत पाणी शिरतं, उंदीर आणि बेडूक घराच्या आडोशाला येतात, त्यांच्यामागे साप येतात. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर सापांविषयी बोलायला गेलं की प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. साप दूध पितो का? पुंगीवर डोलतो का? डूख धरतो का? नागमणी खरा असतो का? हे प्रश्न विचारणाऱ्यांना हसण्याचं काही कारण नाही. सिनेमाने, गोष्टींनी आणि गारुड्यांनी आपल्याला लहानपणापासून हेच दाखवलं. पण त्याच गावात जूनच्या रात्री माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन मिळतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फणा काढलेल्या नागापुढे आपली बोबडी वळते, बिनविषारी धामणीला आपण काठीने ठेचतो, आणि ज्या सापाची रात्रीची खरी भीती बाळगायला हवी तो अनेकांना ओळखताही येत नाही. ही भीती योग्य जागी नेऊन ठेवायची असेल तर आधी सापाचं शरीर समजून घ्यायला हवं.

सापाला बाहेरून दिसणारा कान नाही, कानाचा पडदाही नाही. तरी तो ठार बहिरा नाही. त्याच्या आतल्या कानाला जोडलेलं एक बारीक हाड जबड्याच्या हाडापर्यंत पोचतं, त्यामुळे जमिनीतून येणारी पावलांची किंवा काठीची थरथर त्याला कळते. हवेतून येणारे खालच्या पट्टीतले काही आवाजही सापांना जाणवतात, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. पुंगीच्या सुराने मात्र तो मोहून जात नाही. गारुडी पुंगी हलवतो, मूठ हलवतो, आणि समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवण्यासाठी नाग आपला फणा तिच्या दिशेने वळवत राहतो. तो घाबरलेला असतो, आपल्याला ते डोलणं वाटतं. यातून व्यवहारात घेण्यासारखी गोष्ट अशी, की अंधारात शेतात जाताना काठी आपटत, पाय वाजवत चालावं. बहुतेक साप वाट सोडून निघून जातात. घोणस आणि फुरसे यांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर विसंबू नका. हे एका जागी दबा धरून भक्ष्याची वाट बघणारे साप आहेत, ते सहसा हलत नाहीत. म्हणून काठीच्या जोडीला बॅटरी हवीच.

आता दूध. साप हा सरपटणारा प्राणी आहे. दूध त्याच्या आहारात कधीच नव्हतं आणि ते त्याला मानवतही नाही. नागपंचमीच्या आधी कित्येक दिवस नागाला पाण्याविना ठेवलं जातं, आणि तहानेने व्याकूळ झालेला तो जीव पुढ्यात येईल त्या पातळ पदार्थात तोंड घालतो. ते फुप्फुसात उतरलं तर त्याच्या जिवावर बेततं. टोपलीतल्या या नागांचे विषदंत बहुतेक वेळा मोडलेले असतात, काहींचं तोंडही शिवलेलं असतं. पाटावर गंधाने नाग काढून त्याची पूजा करण्याची सुंदर रीत आपल्या घरांत आहे, ती पाळावी आणि टोपली घेऊन दारात आलेल्याला पैसे देऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडून बाळगणं, त्याचे खेळ करणं आणि त्याला मारणं, तिन्ही गुन्हे आहेत. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूतही अशीच. सापाचे दात मागे वळलेले आणि सुईसारखे अणकुचीदार असतात, ओठांनी चोखणं त्याला जमत नाही. असे दात सडाला लागले तर गाय क्षणभरही उभी राहणार नाही.

साप सारखी जीभ बाहेर काढतो ती दंश करण्यासाठी नव्हे. हवेतले आणि जमिनीवरचे गंधाचे कण जिभेवर टिपून तो टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतो. जीभ दुभंगलेली असल्यामुळे गंध कोणत्या बाजूने अधिक येतो हेही त्याला समजतं. विणीच्या हंगामात नर याच गंधाच्या मागावर मादीपर्यंत जातो. एक साप मारला आणि दोन दिवसांनी त्याच जागी दुसरा दिसला, की लोक म्हणतात जोडीदार सूड घ्यायला आला. खरं पाहता तिथे उंदीर असतात, लपायला जागा असते, किंवा नर मादीच्या मागावर आलेला असतो. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून त्याचा वर्षानुवर्षं माग काढण्याइतका सापाचा मेंदू विकसित नाही. डूख नाही, इच्छाधारी नागीण नाही आणि नागमणीही नाही. मण्याच्या नावाखाली जे विकलं जातं ती शुद्ध फसवणूक आहे.

कात सापडली तर घाबरून जाळून टाकण्याऐवजी एकदा उजेडात धरून बघा. गोठ्याच्या भिंतीत किंवा दगडी गडग्याच्या सांदीत ती अडकलेली मिळते. साप खरखरीत जागी तोंड घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि उलटी होत शेपटीपर्यंत निघते. पोटाकडचे रुंद आडवे खवले आणि पाठीवरचे बारीक खवले तिच्यात वेगळे ओळखू येतात. डोक्याच्या भागात डोळ्यांच्या ठिकाणी भोकं नसतात, तिथे दोन गोल पारदर्शक खवले असतात. सापाला पापण्या नाहीत. हा खवलाच त्याच्या डोळ्याचं संरक्षण करतो आणि प्रत्येक कातीबरोबर नवा येतो. कात टाकण्याआधी काही दिवस तो दुधाळ निळसर होतो, सापाला धड दिसत नाही, त्यामुळे तो दडून राहतो आणि डिवचला तर लवकर चिडतो. निघताना कात ताणली जाते, म्हणून ती सापापेक्षा लांब भरते. तिच्या लांबीवरून सापाचा आकार ठरवू नका. डोक्यावर केस असलेला शंभर वर्षांचा नाग म्हणून जे दाखवतात, तिथे अर्धवट सुटलेली कात असते किंवा कुणीतरी कातडीत टोचलेले केस. सापाला केस नसतात.

साप स्वतःच्या डोक्यापेक्षा जाड भक्ष्य कसं गिळतो, हा मुलांचा आवडता प्रश्न. जबडा निखळतो असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी एकमेकांना घट्ट जुळलेली नसतात, त्यांच्यामध्ये लवचिक तंतू असतात. साप एकदा डावी, एकदा उजवी बाजू पुढे सरकवत भक्ष्य आत ओढतो. शरीराची ऊब तो बाहेरच्या उन्हातून मिळवतो, त्यामुळे त्याला अन्न फार कमी लागतं. एक मोठा उंदीर कित्येक दिवस पुरतो.

शेताच्या बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की लोक त्याला नाग-नागिणीचा शृंगार समजतात, त्यांच्यावर नवं कापड टाकायला धावतात. ते बहुतेक वेळा दोन धामणी असतात, दोन्ही नर, आणि ती त्यांची ताकद आजमावण्याची झुंज असते. धामण ही नागाची मादी, हा गैरसमजही तितकाच पक्का. नाग वेगळा, धामण वेगळी, दोघांत नर आणि मादी असतात. धामणीला विष नाही, आणि शेतातल्या उंदरांचा बंदोबस्त तिच्याइतका कुणी करत नाही. धामण मारणारा शेतकरी स्वतःच्या धान्याचं नुकसान करतो, हे मी प्रत्येक गावात सांगत आलो आहे. मांडुळाची दशा त्याहून वाईट. त्याची शेपटी बोथट असल्यामुळे त्याला दुतोंड्या म्हणतात, गुप्तधन शोधून देतो अशी अफवा पसरवतात आणि लाखो रुपयांच्या आमिषाने त्याची तस्करी करतात. बिळातल्या उंदरांवर जगणारा हा गरीब साप आहे. त्याला एकच तोंड असतं आणि धनाचा त्याला काही पत्ता नसतो.

चार नावं, आणि त्यातलं एक जास्त लक्षात ठेवा

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या साधारण साठ विषारी. तरीही आपल्याकडच्या बहुतेक गंभीर दंशांना चारच साप जबाबदार असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. देशातल्या मृत्यूंच्या कारणांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक खेड्यांतले, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले.

नाग फण्यावरून ओळखू येतो. घोणस जाड अंगाचा, पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचला तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. त्याला अजगराचं पिल्लू किंवा बिनविषारी डुरक्या घोणस समजून हातात धरणारे जीव गमावतात. फुरसे हातभर लांबीचं, डोक्यावर बाणासारखी खूण असलेलं. कोकणातल्या कातळ सड्यांवर दगडाखाली ते हमखास असतं, आणि अंगाच्या घड्या एकमेकींवर घासून करकर असा आवाज करतं. हे तिघे चावण्याआधी बऱ्याचदा इशारा देतात, चावल्यावर दुखतं, सूज येते. माणूस निदान दवाखान्याकडे धावतो.

मण्यारचं तसं नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. काळाभोर, निळसर झाक असलेला, गुळगुळीत चकचकीत साप. अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेषा, बहुतेक जोडीजोडीने; मानेजवळ त्या नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. दिवसा तो सुस्त असतो, गुंडाळी करून डोकं लपवून बसतो. रात्री मात्र पाली, उंदीर आणि इतर साप खायला फिरतो आणि फिरता फिरता घरात शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात त्याच्यावर पडला, कूस बदलताना अंग दाबलं गेलं, की दंश करतो. त्याचे विषदंत लहान असतात. दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घशाशी गिळता येत नाही, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे पित्त झालं म्हणून सोडा देतात किंवा बाहेरचं झालं म्हणून देवऋष्याकडे नेतात, आणि तेवढ्यात श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

दोन गोष्टी मनावर कोरून ठेवा. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला, पहाटे अचानक पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, डोळे उघडेनात, तर साप दिसला नसला तरी मण्यारचा दंश धरून चाला आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. दुसरी, असा रुग्ण हलत नाही, बोलत नाही, बुबुळंही प्रकाशाला दाद देत नाहीत, तरी तो जिवंत असू शकतो, आणि आजूबाजूचं बोलणं त्याला ऐकूही येत असतं. कृत्रिम श्वासावर ठेवलेले असे रुग्ण काही दिवसांनी उठून घरी गेले आहेत. आशा सोडू नका.

कवड्या हा बिनविषारी साप मण्यारसारखाच दिसतो. त्याचा रंग तपकिरी असतो आणि पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. पालींच्या शोधात तो भिंतीही चढतो. हा फरक दुरून ओळखण्यासाठी सांगितला. हातात घेऊन खात्री करण्याचा मोह कुणीही करू नये.

घर, गोठा, शेत

साप घरात येतो तो उंदरामागे. धान्याची पोती उघडी, अंगणात विटांचा ढीग, भिंतीला टेकलेली लाकडं आणि खरकटं बाहेर, असं असेल तर फिनेल, गंधक, कार्बोलिक ॲसिड कितीही शिंपडा, साप थांबत नाही. त्या रसायनांचा त्रास मुलांना आणि जनावरांना होतो तो वेगळाच. ढीग घरापासून लांब न्या, दाराखालची फट आणि मोरीचं तोंड जाळीने बंद करा. जळण किंवा कडब्याची पेंढी काढताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. शेतात गमबूट घाला. आणि मण्यारपासून वाचायचं असेल तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. खाट नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणाला तरी मच्छरदाणी लावून कडा सगळीकडून खोचा. हिवतापासाठी सांगितलेली ही साधी सवय मण्यारपासूनही राखते.

साप घरात आलाच तर त्याला कोंडीत पकडू नका. मुलं आणि कुत्रा बाजूला करा, लांबून नजर ठेवा आणि माहितीतल्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मारलेल्या सापाच्या डोक्याजवळही हात नेऊ नका. धडापासून तुटलेलं डोकंही काही काळ दंश करू शकतं. सर्पमित्रांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे: साप पकडून गर्दीपुढे खेळवणं आणि व्हिडिओसाठी गळ्यात घालणं बंद करा. त्यात आपलीच चांगली पोरं गेली आहेत.

दंश झाल्यावर

रुग्णाला बसवा, झोपवा, धीर द्या. पळू देऊ नका, चालवू नका. स्नायू हलले की विष लवकर पसरतं. अंगठी, जोडवी, बांगड्या, घड्याळ काढून घ्या, कारण सूज चढल्यावर ती काढता येत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर करा. वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

आवळून दोरी बांधू नका. रक्तपुरवठा तुटून हात-पाय कुजण्याची वेळ येते. कुणी आधीच बांधली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांना सोडू द्या. चिरा देणं, रक्त चोखणं, बर्फ लावणं, कोंबडी लावणं, कडुलिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का बघणं, यात फक्त वेळ जातो. मांत्रिकाकडे माणसं बरी होतात हे खरं दिसतं, कारण पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ज्याच्या अंगात विष गेलं आहे त्याला मंत्राचा उपयोग होत नाही. दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी आणि अनेक म्हणजे बिनविषारी, हा ठोकताळाही सोडून द्या. दंश कोणताही असो, निदान चोवीस तास दवाखान्यात देखरेखीखाली राहा.

साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर घ्या, नाही तर तसेच निघा. आपल्याकडचं प्रतिविष चारही सापांच्या विषावर एकत्र चालतं. घोड्याला विषाची अत्यंत थोडी मात्रा वाढवत वाढवत टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून हे औषध करतात. त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, ती १९७८ मध्ये सुरू झाली. समुद्रसाप आणि हिरव्या चापड्याच्या विषावर मात्र हे औषध लागू पडत नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात.

नातेवाईक दवाखान्यात दोन प्रश्न हमखास विचारतात. लहान मुलाला एवढ्या बाटल्या कशाला? कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. औषध विषाच्या प्रमाणात लागतं, वजनाच्या नाही. आणि रक्त काढून काचेच्या नळीत नुसतं का ठेवलं? घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं. कोरड्या स्वच्छ काचनळीत वीस मिनिटं न हलवता ठेवलेलं रक्त गोठलं नाही, तर विष चढलं आहे हे डॉक्टरांना कळतं. इंजेक्शनची काहींना रिॲक्शन येते, तिच्यावरही दवाखान्यात उपाय असतो, म्हणून भिऊन नकार देऊ नका. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी लहान गावांत राहून सर्पदंशाचे रुग्ण वाचवले आहेत. मोठं शहर जवळ नसलं तरी वेळेवर पोचलेला रुग्ण वाचतो.

म्हणून या आठवड्यात एक काम कराच. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: सापाचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, श्वासाचं यंत्र असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या. असेल तर त्या दवाखान्याचा आणि गावातल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या दाराजवळ, मुलांनाही वाचता येईल अशा उंचीवर चिकटवा.